गावाची शाळा : मराठी कथनसाहित्यातील एका नात्याचा विचार

मराठी कथनसाहित्यात शाळा वारंवार येते. ग्रामीण कादंबरीत ती चावडीत भरते, दलित आत्मकथनात तिच्या दारापाशी एक मूल वेगळे बसवलेले असते, तर अलीकडच्या नागर कादंबरीत ती पौगंडावस्थेतील मनाचे रंगस्थळ होते. समीक्षेने मात्र या शाळेची दखल बहुधा नायकाच्या जडणघडणीतील एक टप्पा एवढ्यापुरतीच घेतली आहे. शाळेमुळे मुलाचे काय झाले, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. शाळेमुळे गावाचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक आपल्या काही महत्त्वाच्या कलाकृतींनी हा दुसरा प्रश्न गांभीर्याने उपस्थित केला आहे आणि त्याची सहज न पचणारी उत्तरे दिली आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५), आनंद यादवांचे 'झोंबी' (१९८७) आणि लक्ष्मण माने, शरणकुमार लिंबाळे, लक्ष्मण गायकवाड यांची आत्मकथने यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

१

हा प्रश्न मराठीत प्रथम मांडला तो महात्मा फुले यांनी. १८५५ साली लिहिलेल्या 'तृतीय रत्न' या नाटकात जोशाच्या जाळ्यात सापडून नागवले गेलेले कुणबी दांपत्य अखेरीस शिकण्याचा निश्चय करते. येथे शाळेची वाट धरणारी माणसे प्रौढ आहेत, संसार असलेली आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. मुलाला मोठे करणारी जागा म्हणून फुल्यांनी शाळा कल्पिलेली नाही. सबंध कष्टकरी समाजाला आपली फसवणूक ओळखता यावी, यासाठी त्यांना शाळा हवी होती.

१८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्यात हीच दृष्टी अधिक तपशिलाने येते. सरकारी महसूल रयतेच्या घामातून उभा राहतो आणि तो खर्च होतो वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, शेतकीची आणि आरोग्याची तोंडओळख अभ्यासक्रमात असावी, शिक्षकांना पुरेसा पगार मिळावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा ओळखतील आणि नांगराला हात लावण्यात त्यांना कमीपणा वाटणार नाही, असेही त्यांनी सुचविले होते. शाळा गावाच्या उपयोगी पडायची तर शिक्षक गावाला परका असून चालणार नाही, हे सूत्र येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मांडले गेले.

मात्र याच फुल्यांनी शाळेकडून आणखी एक अपेक्षा केली होती. गावाची जी रचना माणसाला माणसापासून तोडते, ती शाळेने मोडावी. म्हणजे शाळेने गावाशी जवळीक साधावी आणि त्याच वेळी गावाला विरोधही करावा. या दोन अपेक्षांमधील ताण पुढील शंभर-सव्वाशे वर्षांच्या मराठी साहित्यात निरनिराळ्या रूपांनी प्रकट झालेला दिसतो.

२

'बनगरवाडी'चा निवेदक औंध संस्थानातील एक तरुण शिक्षक आहे. नेमणुकीच्या गावी तो पोचतो तेव्हा शाळा संस्थानच्या दप्तरात असते, वाडीत नसते. मुले मेंढरांमागे गेलेली असतात. धनगरांचा शाळेला असलेला हा नकार माडगूळकर अज्ञान म्हणून रंगवत नाहीत. पोर शाळेत बसले तर मेंढरे कोण राखणार, हा रोकडा हिशेब त्यामागे आहे आणि लेखकाला या हिशेबाची बूज आहे. हळूहळू मुले येऊ लागतात ती मास्तराच्या अधिकाराने नव्हे. म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो म्हणून ती येतात. संस्थानची शाळा वाडीची व्हायची तर आधी वाडीने तिला आपल्यात घ्यावे लागते, हे या प्रसंगांतून अगदी सहजपणे सूचित होते.

शाळा रुळल्यानंतर मास्तराचे खरे काम शाळेबाहेर सुरू होते. तो लोकांची पत्रे वाचतो आणि लिहितो, सरकारी कामांत मदत करतो, जुने रुपये बदलून आणण्याची जोखीम पत्करतो, भांडणतंट्यांत पडतो. अक्षर येणारा माणूस म्हणून वाडी आणि बाहेरचे जग यांच्यामधला दुवा होण्याचे काम त्याच्याकडे येते. या कामाचे मोल जसे आहे तसाच धोकाही आहे. कारभाऱ्याच्या अंजीने सांगितली म्हणून एक चोळी तालुक्याहून शिवून आणली, एवढ्यावरून त्याच्याविषयी संशय निर्माण होतो आणि कष्टाने मिळविलेला विश्वास डळमळीत होतो. गावात मिसळणारा शिक्षक गावाच्या कुजबुजीपासूनही अलिप्त राहू शकत नाही. आदर्श शिक्षकाच्या चरित्रपर लेखनात ही बाजू सहसा येत नाही. माडगूळकर ती कोणत्याही टिप्पणीविना नोंदवतात.

तालमीचे प्रकरण हा या कादंबरीचा मध्यबिंदू मानावा लागेल. मास्तर तालीम बांधण्याची कल्पना मांडतो, वाडी श्रमदानाने ती उभारते आणि तिच्या उद्घाटनाला प्रत्यक्ष राजा येतो. व्यायामाचा ध्यास घेतलेल्या औंधच्या अधिपतींची ही नोंद इतिहासाशी जुळणारी आहे. याच संस्थानात १९३९ साली ग्रामपंचायतींना अधिकार देणारी राज्यघटना अमलात आली होती, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. एकेकट्या कुटुंबांनी आपापली मेंढरे राखणारी वाडी या कामाच्या निमित्ताने प्रथमच एक सामूहिक कृती करते. शाळेने वाडीला काय दिले, याचे उत्तर म्हणून कोणा हुशार विद्यार्थ्याकडे बोट दाखवता येत नाही, कारण शाळेतील एकाही मुलाच्या यशाची कथा माडगूळकर सांगत नाहीत. दाखवता येते ती ही तालीम.

आणि मग दुष्काळ येतो. मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, वाडी ओस पडते आणि मास्तरही निघून जातो. निसर्गापुढे हतबल झालेल्या माणसाची शोकात्मिका, असे या शेवटाचे वाचन रूढ आहे. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. शाळा आणि तालीम या दोन्ही गोष्टी वाडीच्या मनोबलात भर घालतात. वाडीच्या पाण्याचा, चाऱ्याचा आणि जमिनीचा प्रश्न मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचा राहतो. शाळेने गाव उभे राहते, अशी आपली एक सोयीस्कर श्रद्धा आहे. ज्या गावाच्या पोटाची व्यवस्था कोणी केलेली नाही, त्याला शाळा एकटी तारू शकत नाही, असे 'बनगरवाडी' सांगते. ते सांगताना ती शाळेची थट्टा करीत नाही की तिचे उदात्तीकरणही करीत नाही. या संयमामुळे तिचे मोल आजही टिकून आहे.

भारतीय साहित्याच्या व्यापक पटावर पाहिले तर ओ. व्ही. विजयन यांच्या 'खसाक्किन्टे इतिहासम्' (१९६९) या मलयाळम कादंबरीशी 'बनगरवाडी'ची तुलना उद्बोधक ठरते. तेथेही रवी नावाचा तरुण एका दूरच्या खेड्यात एकशिक्षकी शाळा चालविण्यासाठी येतो. परंतु खसाकमध्ये शिकविण्याची जागा रिकामी नाही. मुल्लाची धर्मशाळा तेथे पूर्वीपासून आहे आणि नव्या शाळेला त्याचा विरोध आहे. शिवाय रवी स्वतःच्या मनातील अपराधभावापासून पळत खसाकला आला आहे. त्यामुळे गावाला काय हवे यापेक्षा शिक्षकाला गावाकडून काय हवे, हा प्रश्न तेथे वरचढ होतो. माडगूळकरांचा मास्तर स्वतःविषयी फारच थोडे बोलतो आणि त्यामुळे वाडीला बोलायला अवकाश मिळतो. दोन्ही शिक्षक अखेरीस गाव सोडतात. मात्र खसाक आपल्याला रवीच्या मनातून दिसते, तर बनगरवाडी मास्तराच्या डोळ्यांनी पाहिलेली असूनही तिची स्वतःची राहते.

३

'बनगरवाडी'त वाडी बहुतांशी एकजिनसी आहे. मराठी खेडे सामान्यतः तसे नसते. गावात शाळा आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते कोणाचे गाव, हा प्रश्न दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी विचारला. येथे आपल्या विषयाला वेगळेच वळण मिळते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले आणि महारांची मुले निरनिराळ्या ठिकाणी जेवायला बसतात. इतरांच्या जेवणातले उरलेले अन्न या मुलांच्या वाट्याला येते. पुढे शिक्षक सर्वांना सहलीवर निबंध लिहायला सांगतात, आणि या मुलाला काय लिहावे ते कळत नाही. शाळा गावाशी एकरूप झाली आहे का, असा निकष लावला तर ही शाळा त्यास पूर्णपणे उतरते. गावाच्या चालीरीती तिने जशाच्या तशा स्वीकारल्या आहेत. गावाची सेवा करणारी शाळा अन्यायाचीही सेवा करू शकते, हे या साध्या प्रसंगातून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या अहवालातून होणार नाही. तरीही निबंधाचा तो कोरा कागद शाळेनेच त्याच्यापुढे ठेवला होता, याचा विसर पडू देता कामा नये. त्या कागदावर तेव्हा जे लिहिता आले नाही, ते पुढे 'अक्करमाशी'त लिहिले गेले.

श्रीलाल शुक्ल यांच्या 'राग दरबारी' (१९६८) या हिंदी कादंबरीतील छंगामल विद्यालय इंटर कॉलेज हेही याच सत्याचे दुसरे, उपरोधी रूप आहे. शिवपालगंज या गावावर वैद्यजींची सत्ता आहे आणि कॉलेजही त्यांच्याच मुठीत आहे. संस्था स्थानिक आहे, चालक स्थानिक आहेत, लोकसहभागही एका अर्थी भरपूर आहे. पण स्थानिक या शब्दाखाली येथे गावातील सत्तेची उतरंड झाकली गेली आहे. लिंबाळे आणि शुक्ल यांची लेखनप्रकृती अत्यंत भिन्न असली, तरी शाळा आणि गाव यांच्या जवळिकीकडे संशयाने पाहायला दोघेही शिकवतात.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) या प्रश्नाला आणखी एक पदर जोडते. कैकाडी समाजाचे हे कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून टोपल्या विणत गावोगाव फिरते. शाळा एका जागी स्थिर असते आणि हे कुटुंब स्थिर नसते. हजेरीपट, दाखला, वार्षिक परीक्षा ही शाळेची सारी यंत्रणा गृहीत धरते की मुलाला एक गाव आहे. ज्याला गावच नाही त्याच्यासाठी स्थानिक शाळा म्हणजे काय? अशा परिस्थितीत मुलाला शिकवायचेच, हा बापाचा हट्ट 'उपरा'तील एक अत्यंत हृद्य सूत्र आहे. माने दुसरी बाजूही लपवत नाहीत. ज्या जमातीच्या नावाने ते बोलतात, तिच्या जातपंचायतीचा जाचही त्यांनी तितक्याच निर्भीडपणे मांडला आहे.

लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'त (१९८७) हा आतला विरोध अधिक तीव्र होतो. वस्तीतील मूल प्रथमच शाळेत जाऊ लागते, पोरे आजारी पडू लागतात आणि त्याचे खापर शाळेत जाणाऱ्या मुलावर फोडले जाते. वरकरणी ही अंधश्रद्धा आहे. तथापि ज्या जमातीवर इंग्रजी राजवटीत कायद्यानेच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, तिला सरकारी इमारतीविषयी वाटणारी भीती निराधार म्हणता येत नाही. जमातीचा शाळेवर विश्वास नाही, कारण आजवर तिला सरकार भेटले ते पोलिसाच्या रूपाने. गायकवाड हे दुहेरी वास्तव एकाच दमात सांगतात आणि निवाडा वाचकावर सोपवतात.

४

'झोंबी'तील आनंदाची लढत घरातच सुरू होते. कागल परिसरातील शेतमळ्यात राबणाऱ्या या मुलाला बाप शाळेतून काढतो आणि कामाला जुंपतो. आई आणि मुलगा मिळून गावातील प्रतिष्ठित दत्ताजीरावांकडे जातात. ते बापाला बोलावून खडसावतात आणि मुलाची शाळा पुन्हा सुरू होते. पण बाप अटी घालतो. सकाळी शाळेआधी मळ्यात राबायचे, शाळा सुटल्यावर गुरे राखायची, कामाची घाई असेल त्या दिवशी शाळा बुडवायची. या तडजोडीचा बारकाईने विचार केला पाहिजे. शाळा स्वतःहून या मुलापर्यंत पोचत नाही. गावातील जुनी, सरंजामी वळणाची अधिकारसत्ता तिला त्याच्यापर्यंत पोचवते. ज्या व्यवस्थेपासून शिक्षणाने सोडवायचे, तिच्याच एका शब्दावर शिक्षण अवलंबून असते. या विसंगतीचा यादवांनी कोठेही गवगवा केलेला नाही.

सौंदलगेकर मास्तरांची व्यक्तिरेखा या आत्मकथनाचा आणखी एक महत्त्वाचा भाग आहे. ते कविता चालीवर, अभिनयासह शिकवतात आणि स्वतःही कविता करतात. त्यांच्या दारच्या वेलीवर त्यांनी लिहिलेली कविता ऐकून मुलाला उमगते की कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो आणि आपल्या भोवतालावरही कविता होऊ शकते. मग पिकाला पाणी पाजताना, गुरे राखताना तो कविता म्हणू लागतो, स्वतः रचूही लागतो. आजवर नुसता कष्टाचा असलेला मळा त्याच्या भाषेत येतो. शाळेने त्याला मळ्यापासून तोडले, असे या टप्प्यावर म्हणता येत नाही. उलट तो मळा त्याला प्रथमच दिसू लागतो. शाळा गावाला जे काही देऊ शकते त्यांपैकी ही देणगी मला सर्वांत मौलिक वाटते. हा अंश 'जूझ' या शीर्षकाने राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या बारावीच्या हिंदी पुरवणी वाचनाच्या 'वितान' या पुस्तकात समाविष्ट झाला आणि मराठीबाहेरच्या असंख्य विद्यार्थ्यांपर्यंत पोचला, ही घटनाही बोलकी आहे.

तरीही 'झोंबी' आणि तिच्या पुढचे खंड वाचताना एक अस्वस्थता उरते. मुलगा शिकतो, गाव सोडतो, लेखक होतो. मळा आणि त्यात राबणारी भावंडे मागे राहतात. शाळा गावातील एक माणूस वेचून बाहेर नेते आणि उरलेल्यांचे काय, या प्रश्नाला तिच्याजवळ उत्तर नसते. यादवांच्या लेखनातील घराविषयीची तगमग या अनुत्तरित प्रश्नातून येते. ती त्यांच्या लेखनाची त्रुटी नव्हे, ते त्यातील सत्य आहे.

५

मग शाळेने गावाचे ऋण फेडायचे ते कसे? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह उघडले. बिकट प्रसंगी लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्रही या मुलांच्या पोटासाठी खर्ची घातले. पंक्तिभेद मोडणारे हे वसतिगृह लोकांच्या आधारावर उभे होते आणि लोकांच्या रूढीविरुद्धही उभे होते. फुल्यांच्या दोन परस्परविरोधी भासणाऱ्या अपेक्षा एकत्र नांदू शकतात, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली तत्कालीन औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच्या परिसरात दलित साहित्याची एक पिढी घडली. 'आठवणींचे पक्षी' (१९७९) लिहिणारे प्र. ई. सोनकांबळे आणि 'अस्मितादर्श' चालविणारे गंगाधर पानतावणे यांची नावे या संदर्भात सहज आठवतात.

या परंपरेचा उगम शोधत मागे गेलो तर आपण पुन्हा फुल्यांच्या शाळेपाशी येतो. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता साळवे ही त्या शाळेत शिकणारी मांग समाजातील मुलगी होती. स्वतःच्या प्रगतीचा वृत्तान्त तिने लिहिला नाही. आपल्या लोकांवर काय गुदरते, हे तिने लिहिले. शाळेतून मिळालेले अक्षर तिने त्याच वेळी आपल्या समाजाच्या कामी लावले. लिंबाळ्यांच्या निवेदकाला जो निबंध सुचत नव्हता, तसा निबंध सव्वाशे वर्षांपूर्वी एका मुलीने लिहिला होता. दोघांच्या शाळांमध्ये असलेला फरक या दोन निबंधांतून मोजता येतो. एका शाळेने मुलीला आपल्या वस्तीकडे पाहायला आणि तिच्याविषयी बोलायला मोकळीक दिली. दुसरीने सहलीचा साचेबंद विषय दिला आणि मुलाने जे पाहिले होते ते त्या विषयाबाहेर ठेवले.

यावरून एक निकष हाती लागतो. आपल्या परिसराचे यथातथ्य वर्णन करण्याची भाषा आणि धैर्य जी शाळा मुलांना देते, ती आपल्या गावाला बळ देते. मग ते वर्णन गावाला रुचो वा न रुचो. गावाशी गोडीगुलाबीने राहणे हा शाळेच्या उपयुक्ततेचा पुरावा नाही आणि गावाबाहेर पडलेल्या यशस्वी विद्यार्थ्यांची यादी हाही नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही आणीबाणीच्या काळात घडणारी कादंबरी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेथे शाळा आणि भोवतीची वस्ती यांच्यातील देवघेव जवळजवळ थांबली आहे. मुलांचे खरे शिक्षण या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत, मित्रांच्या टोळक्यात होते. त्या कादंबरीचे माधुर्य निर्विवाद आहे. पण शाळा आपल्या परिसरापासून तुटल्याची जाणीवही ती नकळत करून देते.

हा विचार केवळ वाङ्मयीन कुतूहलापुरता राहिलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत अशी तरतूद केली. कागदावर तरी शाळा पुन्हा गावाच्या हाती दिली. दुसरीकडे महाराष्ट्रात २०१७ साली अत्यल्प पटाच्या शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचा निर्णय झाला आणि २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळा' ही कल्पना पुढे आली. मोठ्या शाळेत अधिक शिक्षक आणि अधिक साधने मिळतात, या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. परंतु तो करताना मुलांची संख्या तेवढी मोजली जाते. पत्र लिहून देणारा मास्तर, श्रमदानाने उभी राहिलेली तालीम आणि वाडीने एकदा का होईना एकत्र येऊन केलेले काम, यांची नोंद पटावर होत नाही. बनगरवाडीची शाळा आजच्या मोजमापात कदाचित टिकली नसती. ती शाळा नसती तर वाडीचे काय राहून गेले असते, हे सांगणारे साधन आपल्याजवळ एकच आहे, आणि ते म्हणजे माडगूळकरांची कादंबरी. धोरण ठरविणाऱ्यांनी ती वाचावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी तर ती याही दृष्टीने पुन्हा वाचणे अगत्याचे आहे.